ज्यांचे कोणी नाही त्यांचे गोत्र

माघ शुद्ध अष्टमीस भीष्मतर्पण करण्याचा प्रघात आपल्याकडे फार जुना आहे. अलीकडे तो थोडेच लोक पाळतात. परंतु ज्या घरी पौरोहित्य चालते, तेथे पंचांगात ती तिथी आली म्हणजे निदान तिचा उल्लेख तरी होतो. भीष्म आजन्म ब्रह्मचारी राहिले. त्यांना पुत्र नाही. मग त्यांना पाणी कोणी द्यावे? आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाचे उत्तर असे दिले की, सर्वांनी द्यावे. ज्याचा भीष्मांशी रक्ताचा काडीइतकाही संबंध नाही, अशा गृहस्थाने ओंजळीत पाणी घ्यावे, त्यांच्या वैयाघ्रपद गोत्राचा उच्चार करावा आणि पुत्राच्या नात्याने ते पाणी सोडावे. नित्याच्या तर्पणातही अखेरीस एक ओंजळ अशा जीवांसाठी असते की, ज्यांना ना पुत्र, ना बंधू, ना कोणी आप्त. लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून हे पाहताना मला ती ओंजळ घाईची वाटे. विधी आटोपत आला, पान वाढले जाणार, तेवढ्यात उरकून घ्यायची. आता तसे वाटत नाही. आपल्या सर्व कर्मांत गोत्र विचारले जाते, आणि या एकाच ठिकाणी ते न विचारता पाणी दिले जाते, ही गोष्ट साधी नव्हे.

प्रस्तुत पाठाचा विषय तोच आहे. ज्यांचे माणूस गेले, ज्यांचे घर मोडले, अशी परस्परांना परकी असलेली माणसे एकत्र येऊन त्यांचे एक नवे घर होऊ शकते काय? होत असल्यास ते कशाने होते? शोकाविषयी आपल्या ग्रंथांत उपदेश पुष्कळ आहे. आत्मा अमर आहे, देह नश्वर आहे, हे आपण उत्तरकार्याच्या दिवशी सांगतो आणि ऐकतो. मी स्वतः वडिलांच्या मागे बसून ते अनेक वेळा ऐकले आहे आणि ऐकणाऱ्यांचे चेहरेही पाहिले आहेत. ते मान डोलावतात. परंतु डोळे कोरडे होत नाहीत. म्हणून उपदेश बाजूस ठेवून, प्रत्यक्ष काय घडले ते पाहावे, असे माझ्या अल्पमतीस वाटते.

प्रथम महाभारत पाहू. युद्धाची अठरा पर्वे आहेत असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः युद्ध अठरा दिवसांचे. ते संपल्यावरही ग्रंथ पुष्कळ उरतो आणि त्या उरलेल्या भागात मुख्यत्वेकरून मागे राहिलेल्यांचे काय झाले ते सांगितले आहे. स्त्रीपर्वात हस्तिनापुराच्या स्त्रिया रणभूमीवर येतात. ज्या राजस्त्रियांना सूर्यानेही क्वचितच पाहिले असेल, त्या मोकळ्या केसांनी आपापले माणूस शोधीत फिरतात. या वेळी कुंती, पाच पुत्र गमावून आक्रोश करणाऱ्या द्रौपदीला घेऊन गांधारीकडे जाते. हा प्रसंग थांबून वाचण्यासारखा आहे. गांधारीचे शंभर पुत्र द्रौपदीच्या पतींनी मारलेले. द्रौपदीचा भर सभेत अपमान झाला तो गांधारीच्या पुत्रांकडून. या दोघींमध्ये वैरावाचून दुसरे नाते उरावयास नको होते. पण गांधारी तिला जवळ घेऊन जे बोलते त्याचा आशय एवढाच की, मुली, जशी तू तशीच मी. आपल्या दोघींचे सांत्वन आता कोण करणार? ती तत्त्वज्ञान सांगत नाही, की दोषही देत नाही. उलट कुळाच्या नाशाचा दोष स्वतःकडे घेते. दुःख समान आहे, एवढेच ती मान्य करते.

त्याच पर्वाच्या अखेरीस गंगेच्या काठी मृतांना पाणी देण्याचा विधी होतो आणि तेव्हाच कुंतीच्या तोंडून निघते की, कर्ण हा तुमचा ज्येष्ठ बंधू, त्यालाही पाणी द्या. सारा जन्म जे दुःख तिने झाकून ठेवले, ते तर्पणाच्या वेळी बाहेर पडले. ज्याला आपण वैरी समजून मारले तो भाऊ होता, हे पांडवांना त्या ओंजळीने कळले. युधिष्ठिर यावर आईवर रागावला, हेही व्यासांनी लपविलेले नाही. दुःख उघडे केले की माणसे लगेच एकमेकांच्या गळ्यात पडतात, असे नाही. प्रथम राग येतो.

पुढे आश्रमवासिक पर्वात आपल्याला कळते की, धृतराष्ट्र आणि गांधारी युद्धानंतर पंधरा वर्षे पांडवांच्याच घरी राहिले. युधिष्ठिराने त्यांना काही उणे पडू दिले नाही. कुंती गांधारीची सेवा सासूप्रमाणे करी. भीमाच्या मनातली अढी मात्र गेली नव्हती. तो म्हाताऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने आपल्या बाहुबळाच्या गोष्टी बोलत असे. एकत्र राहणाऱ्या घराचे याहून खरे चित्र कोणते? एक जण सावरलेला असतो, दुसरा सावरत असतो, तिसऱ्याच्या मनातला सल तसाच असतो आणि तरीही चूल एकच असते. शेवटी वृद्ध राजाराणी वनात जावयास निघाली, तेव्हा मुलांच्या विनवण्या न ऐकता कुंतीही त्यांच्याबरोबर निघाली. कुंती पुढे, तिच्या खांद्यावर डोळ्यांना पट्टी बांधलेल्या गांधारीचा हात, गांधारीच्या खांद्यावर आंधळ्या धृतराष्ट्राचा हात, अशी ती तिघे हस्तिनापुराबाहेर पडली. पुत्र राज्यावर असताना त्यांचे सुख सोडून, ज्यांचे पुत्र गेले त्यांच्याबरोबर ती का गेली, याची टीकाकारांनी अनेक कारणे दिली आहेत. मला वाटते, कर्णाचे दुःख तिला त्या दोघांजवळच मोकळेपणी बाळगता येत होते.

कोणी म्हणेल, ही पुराणातली कथा. शिवाय ती तिघे एकाच कुळातली. म्हणून आता आपल्या अलीकडच्या काळातील, ज्याचे कागदपत्र आणि आत्मचरित्रे उपलब्ध आहेत, असे उदाहरण घेऊ.

इसवी सन १८५८ च्या एप्रिल महिन्यात, पाचच दिवसांच्या अंतराने, दोन मुले जन्मास आली. १८ एप्रिल रोजी कोकणात धोंडो केशव कर्वे आणि २३ एप्रिल रोजी आपल्या कर्नाटकातील गंगामूळ येथे रमाबाई डोंगरे. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री यांनी सह्याद्रीच्या त्या रानात आश्रम बांधला होता. ते पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवीत. पुढे दारिद्र्य आले, तीर्थयात्रा सुरू झाली आणि मद्रास इलाख्यातील दुष्काळात आईवडील दोघेही गेले. उरलेली दोघे, भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई, पुराणे सांगत हिंदुस्थानभर पायी फिरली. १८८० साली बंगालात भाऊ गेला. त्यांनी बिपिनबिहारी यांच्याशी विवाह केला. १८८२ साली पटकीने तेही गेले. चोविसाव्या वर्षी या विदुषीजवळ एक तान्ही मुलगी आणि मुखोद्गत संस्कृत, एवढेच उरले. पुढे विलायतेस असता १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तो निर्णय आपल्यापैकी बहुतेकांस मान्य होणार नाही. मलाही होत नाही. पण ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस शारदासदन उघडले तेव्हा पहिली जी विधवा विद्यार्थिनी तेथे आली, तिच्यापासून आपली गोष्ट पुढे जाते. तिचे नाव गोदूबाई.

गोदूबाई मूळच्या देवरुखच्या, जोशी घराण्यातील. आठव्या वर्षी लग्न झाले आणि तीन महिन्यांच्या आत वैधव्य आले. नवरा म्हणजे काय हे कळण्यापूर्वीच तो गेला, आणि त्याच्या जाण्याची शिक्षा मात्र पुढची अनेक वर्षे चालली. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता; परंतु कायद्याने दार उघडले तरी उंबरठ्यावर समाज बसलेला होता. गोदूबाईंचे भाऊ नरहरपंत आणि धोंडोपंत कर्वे हे मित्र. मुंबईत त्यांचे बिऱ्हाड एकत्र असे. त्यामुळे कर्व्यांच्या घराला गोदूबाई परक्या नव्हत्या. १८९१ साली कर्व्यांच्या पत्नी राधाबाई निवर्तल्या. मागे मुलगा रघुनाथ, वय वर्षे नऊ. त्याच वर्षी कर्वे पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवावयास गेले. पुनः विवाह केला तर विधवेशीच करीन, असा त्यांचा निश्चय होता, आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात त्यांचा गोदूबाईंशी विवाह झाला. शारदासदन उघडल्याला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. गोदूबाईंचे नाव आनंदीबाई झाले. पुढे लोक त्यांना बाया म्हणत.

विवाहानंतर ती उभयता कर्व्यांच्या गावी, मुरूडला, गेली तेव्हा गावाने बहिष्कार घातला. त्याचा भार त्यांच्यापेक्षा वृद्ध आईवर आणि भावावर अधिक पडला. ज्याने कोणाचे काही घेतले नाही, केवळ दोन दुःखितांचे एक घर केले, त्याला स्वतःच्या घरात पंक्तीस बसता येईना. हे करणारे लोक दुष्ट होते असे मला म्हणवत नाही. ते आपल्यासारखेच होते, आणि त्यांच्यात माझ्या वडिलांच्या व्यवसायाचे लोकही असतीलच.

१४ जून १८९६ रोजी कर्व्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापिला. येथे एक मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. स्वतः पुनर्विवाह केलेल्या या गृहस्थाने आश्रमात पुनर्विवाहाचा प्रचार करावयाचा नाही, असे ठरविले. विधवांना शिक्षण मिळावे, त्यांना स्वतःच्या पायांवर उभे राहता यावे, एवढेच उद्दिष्ट. पुनर्विवाहाचा संशय जरी आला तरी एकही पालक आपली मुलगी येथे पाठविणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. यात स्वतः बायांना काय वाटले असेल याचा विचार थोडेच लोक करतात. नवऱ्याने आपल्या विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या स्वाधीन केली आणि घरातील तुटपुंज्या पैशांत मुलांचे करण्याची जबाबदारी बायांवर राहिली. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझे पुराण’ या त्यांच्या आत्मकथनात हे सारे त्यांच्या रोखठोक भाषेत आहे. महापुरुषाचे चरित्र वाचावे तसेच त्याच्या घरच्या बाईचेही वाचावे. असो.

पुण्यात प्लेगचा कहर झाला तेव्हा १९०० साली आश्रम शहराबाहेर हिंगण्यास नेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी तेथील सहा एकर जमीन दिली होती. माळरानावर एक झोपडी उभी राहिली. कर्वे दिवसभर महाविद्यालयात गणित शिकवीत आणि संध्याकाळी पायी हिंगण्यास जात. अंतर सुमारे चार मैल, पावसाळ्यात वाट चिखलाची, आणि पुष्कळदा हातात आश्रमासाठी घेतलेले सामान. रात्री मुक्काम करून सकाळी पुनः पुण्यास. गणिताच्या प्राध्यापकाच्या चाळिशी उलटलेल्या पायांनी हे दीर्घ काळ केले. आपण मात्र देवदर्शनाला जाताना चप्पल कोठे ठेवावी याची चर्चा करतो!

त्या झोपडीत कोण होते? निरनिराळ्या गावांच्या, निरनिराळ्या घरांच्या मुली आणि बाया. बहुतेकींना आपले दुःख सांगण्याची सवय नव्हती, कारण घरी ते कोणी विचारीत नसे. विधवेचे रडणे पहिल्या तेरा दिवसांचे. त्यापुढे ती अपशकुन. अशा दहा घरांतील दहा अपशकुन एका छपराखाली आले म्हणजे काय होईल? लोकांना वाटे की, तेथे नित्य रडारड चालत असेल. प्रत्यक्षात तेथे स्वयंपाकाच्या पाळ्या होत्या, भांडी होती, पाणी भरणे होते, आजारी पडलेल्या मुलीजवळ जागणे होते, आणि अभ्यास होता. ज्या बाईला कोणाच्या मंगलकार्यात पुढे होऊ देत नसत, तिच्या हातचे सर्व जणी जेवत. ज्या मुलीचा आवाज माजघराबाहेर ऐकू येत नसे, ती मोठ्याने पाढे म्हणे.

यांच्यापैकी पार्वतीबाई आठवले यांचे चरित्र विशेष पाहण्यासारखे आहे. या बायांच्या धाकट्या भगिनी. विसाव्या वर्षी वैधव्य आले, पदरी एक मुलगा. केशवपन झालेले, वय वाढलेले, अक्षरओळख जेमतेम. त्या वयात लहान मुलींच्या रांगेत बसून त्या शिकल्या, आणि पुढे त्याच आश्रमाच्या व्यवस्थापिका झाल्या. आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरल्या. पुढे त्यांनी केशवपन सोडून दिले. सनातनी मनाच्या बाईने, इतकी वर्षे पाळलेले व्रत विचारपूर्वक सोडणे, याला किती धैर्य लागले असेल, ते आपल्यासारख्या घरांतील माणसांना सांगावयास नको. १९१८ साली, इंग्रजी धड येत नसताना, त्या अमेरिकेस गेल्या. तेथे लोकांच्या घरची कामे करून त्यांनी निभावले आणि परत येऊन पुनः आश्रमाच्या कामास लागल्या. ‘माझी कहाणी’ हे त्यांचे आत्मचरित्र १९२८ साली प्रसिद्ध झाले. हे वाचताना मनावर ठसते ते असे की, त्यांच्या दुःखाचा त्यांना विसर पडला नाही; त्या दुःखाला वापरण्याजोगी जागा मिळाली. नव्याने आलेली एखादी मुलगी कोपऱ्यात बसून राहिली, तर तिला काय म्हणावे आणि काय म्हणू नये, हे त्या ज्या रीतीने जाणत, त्या रीतीने कोणताही शास्त्री जाणणार नाही.

नात्यांचा गुंता पाहावा. राधाबाई गेल्या नसत्या तर कर्वे व गोदूबाई यांचा विवाह नव्हता. गोदूबाईंच्या वाट्याला वैधव्य आले नसते तर त्या शारदासदनात गेल्या नसत्या. रमाबाईंचे सारे घर बुडाले नसते तर शारदासदन निघाले नसते. आणि त्या सदनावर धर्मांतराचे वादळ उठल्यावर, आपल्या धर्मात राहूनच विधवांना आसरा मिळावा, ही निकड पुण्यातील लोकांस अधिक जाणवली. प्रत्येकाच्या दुःखाने दुसऱ्याचे दार उघडले. यावरून दुःख चांगले असे कोणी समजू नये. राधाबाई जगत्या तर बरे झाले असते.

रमाबाईंविषयी आणखी एक वाक्य लिहिणे प्राप्त आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि उपासमारीने रस्त्यावर आलेल्या शेकडो स्त्रिया व मुली त्यांनी केडगावला आणल्या. त्यांच्यापैकी पुष्कळ जणी पुढे ख्रिस्ती झाल्या, याबद्दल आपल्या व्याख्यानांतून खेद व्यक्त होतो. परंतु ज्या स्त्रिया मरावयास टेकल्या होत्या, त्यांना उचलताना त्यांचे गोत्र कोणी विचारले नाही, आणि आम्ही विचारीत बसलो. जिने आईबाप दुष्काळात जाताना पाहिले, तिने ती माणसे ओळखली. आपल्या देवळांच्या पायऱ्या केडगावपेक्षा जवळ होत्या.

कर्व्यांच्या संस्थेचा पुढील इतिहास सर्वश्रुत आहे. १९०७ साली महिला विद्यालय, १९१६ साली महिला विद्यापीठ. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, कर्व्यांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी ते गेले. बाया त्यांच्या आधी, १९५० साली गेल्या. हिंगण्याच्या त्या माळाला आता कर्वेनगर म्हणतात, आणि संस्था चालू आहे. ‘अनाथ’ हा शब्द तिच्या नावातून केव्हाच गेला. मला त्या शब्दाविषयी नेहमी एक शंका येते. जेथे वीस जणींची चूल एक, एकीला ताप आला तर दुसरी जागते, आणि शिकून नोकरीस लागलेली मागच्यांसाठी पैसे धाडते, तेथे अनाथ कोण?

आता आपल्या सीमाभागाकडे येऊ. निपाणीच्या बाजूने पाहिले तर सीमेपलीकडे, कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात, कुरुंदवाडजवळ हेरवाड नावाचे गाव आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, ४ मे २०२२ रोजी, या गावाच्या ग्रामसभेने ठराव केला की, पती निवर्तल्यावर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, पायांतली जोडवी काढणे या प्रथा गावात बंद कराव्यात. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हे अनुकरण करावे असे कळविले. त्यापूर्वीच्या दोन वर्षांत करोनाच्या साथीने किती घरांत तरुण स्त्रिया मागे राहिल्या होत्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तेव्हा तर सांत्वनाला जाण्याचीही सोय नव्हती. प्रेत घरी आले नाही, दहावा-तेरावा धड झाला नाही, आणि शोक करावयास चार माणसे जमली नाहीत. त्या शोकाची अनेक घरांत अद्याप सुरुवातसुद्धा झालेली नाही, असे वडिलांबरोबर श्राद्धपक्षास जाताना माझ्या ध्यानात येते.

ठरावाने बांगडी वाचली, ही मोठी गोष्ट झाली. परंतु बांगडी हातात ठेवून ती बाई कोपऱ्यातच बसून राहिली तर? हिंगण्यात कोणी तिला कोपऱ्यात बसू देत नसत, कारण पुढ्यात तांदूळ निवडावयाचे असत.

हे मी पुस्तकातून शिकलो असे म्हणणे खरे होणार नाही. आमच्या घरी माझी आत्या पुष्कळ वर्षे होती. संक्रांतीचे हळदीकुंकू घरात चाले तेव्हा ती मागच्या पडवीत बसून तिळगूळ वळून देई. वळलेला तिळगूळ तिच्या हातचा चाले. हातावर वाण मात्र तिला कोणी देत नसे. मी ते तबक अनेकदा तिच्यापुढून उचलून नेले आहे. मला त्यात काही वावगे दिसले नाही. ती गेल्यावर दिसले.

आमच्या सांबऱ्यात सप्ताहाच्या आधी देवळाच्या ओवरीत महाप्रसादाचे धान्य निवडण्याचे काम असते. दोन-तीन वर्षांपूर्वी तेथे तीन माणसे नेमाने येऊ लागली. एक काकू, ज्यांचे यजमान साथीत गेले. एक निवृत्त गुरुजी, ज्यांची पत्नी दीर्घ आजाराने गेली आणि मुले दूरगावी आहेत. आणि तिसऱ्या एक अक्का, बैलहोंगलकडच्या, कानडी बोलणाऱ्या. त्यांचा एकुलता मुलगा रस्त्यावरील अपघातात गेला आणि त्या येथे भाचीकडे राहावयास आल्या. तिघांची ओळख नव्हती. अक्कांना मराठी थोडे कळे, काकूंना कानडी बाजारापुरते. पहिले काही दिवस तिघे तीन सुपे घेऊन तीन दिशांना तोंड करून बसत. खडे मात्र एकाच वाटीत टाकीत, कारण वाटी एकच होती.

कोण प्रथम बोलले ते मला ठाऊक नाही. सप्ताह झाला, धान्य संपले, तरी तिघे येत राहिली. मग देवळातील समया घासणे, वाती वळणे, गुरुजींनी दासबोध वाचणे आणि न कळलेला शब्द काकूंनी हातवारे करून अक्कांना सांगणे असे चालू झाले. गुरुजींना मधुमेह आहे. त्यांचा डबा कधी या घरून, कधी त्या घरून जाऊ लागला. काकूंच्या नातीच्या बारशाला अक्का पुढे होत्या. गावात थोडे बोलणे झाले. होणारच. वडिलांपर्यंतही ते आले. त्यांनी ऐकून घेतले आणि ओवरीत आणखी एक दिवा लावून दिला.

गेल्या पितृपक्षातील गोष्ट. गुरुजींनी पत्नीचे श्राद्ध आमच्याकडून करविले. महालयाच्या तर्पणात आईवडिलांपासून आरंभ करून क्रमाने सर्व नातलग येतात, आणि शेवटी गुरू, शिष्य, मित्र, आप्त यांनाही पाणी दिले जाते. वडील तेथपर्यंत आले तेव्हा गुरुजींनी हात थांबविला आणि विचारले, “भटजी, अक्कांच्या मुलाला मी पाणी दिले तर चालेल काय?” अक्का दाराशी बसल्या होत्या. त्यांना मुलाचे नाव विचारले, ते त्यांनी सांगितले. गोत्र विचारले, तेव्हा त्या गोंधळल्या. त्यांच्याकडे तसे सांगण्याची रीत नव्हती, की त्या क्षणी आठवेना, कोण जाणे. त्यांनी काकूंकडे पाहिले. काकू म्हणाल्या, “आमचे घाला.”

वडील क्षणभर थांबले. गोत्र ठाऊक नसेल तेथे काश्यप म्हणावे, अशी रूढी आहे. कारण सर्व प्रजा कश्यपाची. ते त्यांनी काकूंना सांगितले. मग दर्भ नीट करून गुरुजींच्या ओंजळीत तीळ घातले, मुलाचे नाव आणि काश्यप गोत्र म्हटले, आणि मी तांब्यातून पाणी घातले.